एकाच वर्गात इतकी तफावत का पडते? शैक्षणिक दरीची नेमकी कारणं

सुनीती_ब

एकच इयत्ता, एकच बाक, समोर एकच पुस्तक, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या शिकण्यात तीन-तीन इयत्तांचं अंतर. यावरची चर्चा बहुतेक वेळा 'घरचं वातावरण नाही' किंवा 'शाळेत नीट शिकवत नाहीत' एवढ्यावर संपते. यातल्या कुठल्याही वाक्यावरून उद्या सकाळी वर्गात काय करायचं ते कळत नाही. म्हणून हा धागा. कारण सांगताना ते नेमकं कुठून आत शिरतं, कसं ओळखायचं आणि त्यावर काय लागू पडतं, तेही लिहावं ही विनंती.

सुरुवात मी करते. १९६६ साली अमेरिकेत कोलमन अहवाल आला. सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाखांवर विद्यार्थी त्यात होते. मुलांच्या गुणांतल्या फरकाचा संबंध शाळेची इमारत, ग्रंथालय, खर्च यांच्यापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त घट्ट दिसला. तेव्हापासून 'शाळेने फारसा फरक पडत नाही' असा अर्थ लावला जातो. तो मला पटत नाही. त्या अहवालात मुख्यतः शाळा-शाळांमधले फरक तपासले होते. वर्गाच्या आत कोणाला किती वेळ मिळतो, कोणाची चूक सुधारली जाते, हे त्यात फारसं आलं नव्हतं. २०१८ च्या पिसा चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) ओईसीडी, म्हणजे बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटातल्या देशांत, वाचनातल्या एकूण फरकापैकी सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास फरक शाळा-शाळांमधला होता. उरलेला सगळा एकाच शाळेतल्या मुलांमधला. म्हणजे दरी शोधायला आधी आपल्याच हजेरीपटाकडे बघायला हवं.

माझं मत असं: मुलं घरून मागे-पुढे येतात, पण ते अंतर पक्कं होतं वर्गाच्या गतीमुळे. जॉन कॅरॉल यांनी १९६३ मध्ये मांडलेला विचार साधा आहे. एखाद्या मुलाचं शिकणं किती पूर्ण होईल, हे त्याला लागणारा वेळ आणि त्याने प्रत्यक्ष दिलेला वेळ यांच्या प्रमाणावर ठरतं. लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा आणि मिळणारा वेळ सगळ्यांना सारखा असेल, तर शिकणं असमान होणारच. मागची थकबाकी भरायला वेळापत्रकात जागाच नसते.

आरोह

चांगला विषय. पण घरातून येणारं अंतर किरकोळ आहे असा समज नको. अमेरिकेतल्या आकडेवारीत श्रीमंत-गरीब मुलांमधल्या दरीचा मोठा भाग शाळेच्या पहिल्याच दिवशी हजर असतो, आणि पुढे शाळेत ती फार वाढत नाही. उलट, जिथे पाठ्यक्रम मुलांच्या पातळीच्या खूप वरून जातो, तिथे ती शाळेतच रुंदावते. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा दिल्लीतल्या सहावी ते नववीच्या मुलांवरचा अभ्यास (२०१९) या बाबतीत बोलका आहे. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं, वरच्या वर्गांत ते अंतर वाढत गेलं, आणि तळातल्या मुलांची वर्षभरातली प्रगती जवळपास शून्य होती. मुलं शाळेत येत होती, पुस्तक इयत्तेचं होतं, आणि त्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. त्यामुळे 'घर की शाळा' याचं एकच उत्तर सगळीकडे लागू होत नाही.

अक्षरवाट

वाचनाबद्दल लिहिते, कारण तिसरी-चौथीनंतर बाकीच्या सगळ्या विषयांचं दार तेच आहे.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ऐकून भाषा समजणं. गुणाकार म्हणजे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून 'वाचनात कच्चा' हा शेरा निरुपयोगी आहे. कुठली बाजू कच्ची, ते शोधावं लागतं. पद्धत अशी:

एक मिनिट उतारा मोठ्याने वाचायला द्या. चुकलेले शब्द तुमच्या प्रतीवर खूण करा, मध्ये टोकू नका. मग तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि चार-पाच प्रश्न तोंडी विचारा. ऐकून समजतंय पण वाचताना अडखळतंय, तर अक्षरांचं काम बाकी आहे. सफाईने वाचतंय पण ऐकूनही समजत नाही, तर शब्दसंपत्ती आणि विषयाची माहिती कमी आहे. दोन्ही कच्चं असेल तर दोन्ही कामं समांतर करायची, एकामागून एक नाही.

अक्षरांची बाजू तपासायला अर्थ नसलेले शब्द द्या: टेमू, शिपोद, कर्बट, म्लाने. पाठ्यपुस्तकातले शब्द मुलं आकारावरून किंवा चित्रावरून ओळखतात, त्यामुळे कच्चेपणा झाकला जातो. निरर्थक शब्दाला पाठांतराचा आधार नसतो. 'शिपोद'चं 'शपोद' झालं तर वेलांटी सुटते आहे. 'कर्बट'चं 'क्रबट' झालं तर रफाराचा क्रम कळलेला नाही, कारण रफार लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. मग आठ-दहा दिवस रोज दहा मिनिटं तेवढ्यावरच काम करायचं. पूर्ण बाराखडी पुन्हा पहिल्यापासून घोकून घेऊ नका. त्यात वेळ जातो आणि मुलाला कमीपणा येतो.

दुसरी चूक फार महागात पडते. इंग्रजीसाठी ठरवलेले 'मिनिटाला इतके शब्द' असे निकष मराठीला जसेच्या तसे लावले जातात. 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून शब्द लांबतात. निकष हवाच असेल तर अक्षरं मोजा, आणि त्याच मुलाची मागच्या महिन्याशी तुलना करा.

स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवलेलं चक्र इथेच सुरू होतं. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, त्यामुळे वाचन आणखी सोपं होतं. ज्याला येत नाही तो टाळतो. वर्गात एकेकाने एकेक ओळ वाचायची पद्धत असेल तर कच्च्या मुलाच्या वाट्याला अख्ख्या तासात एखादी ओळ येते. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो सगळ्यात कमी मिळतो.

केशर_२२

@अक्षरवाट, उत्तम प्रतिसाद. पण श्रीमंत घरातल्या मुलांच्या कानावर तीन वर्षांचे होईपर्यंत ३ कोटी शब्द जास्त पडतात असं वाचलं होतं. तसं असेल तर पहिलीत कितीही केलं तरी उशीरच झालेला नाही का?

अक्षरवाट

तो आकडा हार्ट आणि रिस्ली यांच्या १९९५ च्या कामातून आला. एकूण ४२ कुटुंबं, महिन्यातून साधारण एक तास ध्वनिमुद्रण, आणि त्यावरून गुणाकार करून काढलेला अंदाज. सगळ्यात गरीब गटात फक्त ६ कुटुंबं होती. २०१८ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी घरात मुलाच्या आसपास होणारं सगळंच बोलणं मोजलं, तेव्हा चित्र तसं आलं नाही. गरीब घरांमध्येही खूप फरक दिसला. तेव्हा ३ कोटी हा आकडा सोडून द्या. मुलाशी आळीपाळीने होणारं बोलणं महत्त्वाचं असतं, हे मात्र बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. मूल काही बोललं, त्यावर मोठ्या माणसाने काही विचारलं, मुलाने पुन्हा उत्तर दिलं, अशा फेऱ्या. हे पहिलीच्या वर्गातही करता येतं, त्यामुळे उशीर झाला असं मुळीच नाही.

माहितीच्या बाजूसाठी रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग सांगते. बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणून मागे पडलेल्या मुलांचे विज्ञान-भूगोलाचे तास काढून तिथे 'भाषेचा जादा सराव' घालणं घातक आहे. आज एक भोक बुजवताना दोन वर्षांनी लागणारी माहिती आपण काढून घेतो.

गणिती

गणितातली दरी कशी साचते हे एका उदाहरणावर दाखवतो. ५०३ − २६७. बरोबर उत्तर २३६.

तीन मुलांची चुकलेली उत्तरं: ३६४, ३३६, २६६. तपासताना तिघांनाही तीच लाल फुली, तिघांनाही 'वजाबाकीचा आणखी सराव कर' हाच शेरा. पण तिघांचं दुखणं वेगळं आहे.

३६४ वाल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं: ७ मधून ३, ६ मधून ०, ५ मधून २. त्याला हातचा ही कल्पनाच कळलेली नाही. ३३६ वाल्याने शून्याचे ९ केले, एककात १३ केले, पण शतकाचे ५ तसेच ठेवले. त्याला रीत येते, त्यामागची देवघेव कळत नाही. २६६ वाल्याने शून्य ओलांडून थेट शतकाकडून घेतलं आणि एककाला दिलं. ५ चे ४ झाले, पण दशकाच्या घरात शून्य तसंच राहिलं, मग तिथे उलटी वजाबाकी केली.

ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास केला. मुलांच्या चुका बऱ्याचदा निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीची रीत प्रामाणिकपणे, दर वेळी तशीच वापरत असतं. अशा मुलाला आणखी पन्नास गणितं घातली की चुकीची रीत पन्नास वेळा घोटली जाते.

उपाय: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, आणि दहा गठ्ठ्यांचा एक शेकडा. ५०३ मांडायचे: पाच शेकडे, दशकाचं घर रिकामं, तीन सुट्या काड्या. एक शेकडा सोडला की दहा गठ्ठे दशकाच्या घरात येतात. त्यातला एक सोडायचा. आता ४ शेकडे, ९ दशक, १३ एकक. हे हाताने होत असतानाच बाजूला वहीत आकडे लिहायचे. काड्या आधी, वही दुसऱ्या दिवशी, असं केलं की दोन्हींचा संबंध तुटतो. ३३६ वाल्याला एवढंही लागत नाही. उत्तरात २६७ मिळवून बघायला सांगा. ६०३ येतात, आणि शंभर कुठून वाढले ते तो स्वतःच शोधतो.

याचं मूळ शाळेच्या आधी आहे. रमणी आणि सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक साधा पट खेळायला दिला. एका ओळीत १ ते १० चौकोन, चकती फिरवून १ किंवा २ पडणार, तेवढी घरं पुढे जायचं. सगळा मिळून साधारण तासभर खेळ. संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली. तसाच पण आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांना फायदा झाला नाही. यात एक बारकावा आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. मूल ४ वर असताना २ पडले, तर सोंगटी सरकवताना त्याने 'पाच, सहा' म्हणायचं. 'एक, दोन' म्हटलं की तो फक्त सोंगटी सरकवण्याचा खेळ उरतो.

वरच्या वर्गात हीच जागा अपूर्णांकांची. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला छेद समान करायची रीत परत शिकवण्याआधी विचारा, 'उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं यायला हवं की लहान?' २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे हे दिसत नसेल, तर अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच पोचलेलं नाही. संख्यारेषेवर जागा दाखवणं तिथे पहिलं काम. हे राहिलं की बीजगणितात मूल अडतं, आणि दोष बीजगणिताला दिला जातो.

निळावंती

शरीराची बाजू कुणी घेतलेली नाही म्हणून थोडक्यात. फळ्यावरून लिहिण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं, डोळे बारीक करणारं मूल आधी दृष्टी तपासायच्या तक्त्यासमोर उभं करा. ६ मीटर अंतर, एकेक डोळा तळव्याने झाकून, पण डोळ्यावर दाब न देता. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं तर एका डोळ्याचा दोष सुटतो. चीनमध्ये मोफत चष्मे देऊन केलेल्या चाचणीत (२०१४) गणिताचे गुण वाढलेले दिसले. दिलेला चष्मा मुलं घालतात का, यावर पुढचं अवलंबून असतं, म्हणून वर्गशिक्षकांनी रोज नजर टाकावी.

कानाचं जास्त फसवं. मधल्या कानात पाणी साचलं की ऐकू येणं आठवड्यागणिक कमी-जास्त होतं. मूल कधी उत्तर देतं, कधी नाही, आणि 'लक्ष नसतं' असा शिक्का बसतो. सर्दीनंतर असं वागणं दिसलं तर तपासणी हवीच. लोहाची कमतरता आणि रक्तातलं शिसं यांचाही शिकण्यावर परिणाम होतो. शिशाची तर निर्धोक म्हणावी अशी पातळीच माहीत नाही.

विदुला

शिक्षकांच्या अपेक्षांबद्दल. रोझेंथाल-जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो: 'ही मुलं चमकणार आहेत' असं शिक्षकांना सांगितलं आणि ती पुढे गेली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच लहान निघाला. १९८४ मध्ये रॉडनबुश यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले. शिक्षकांना मुलं आधीपासून दोन आठवड्यांहून जास्त माहीत असतील तर परिणाम जवळपास दिसतच नव्हता. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मागच्या शिक्षकांनी दिलेले शेरे जपून वाचायला हवेत. 'शून्याच्या वजाबाकीत अडतो' हा शेरा कामाचा. 'मंद आहे' हा शेरा पुढे देऊच नये.

अपेक्षा वर्गात कशा उतरतात ते मेरी बड रो यांनी मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत, आणि ज्यांना ते कच्चे समजत त्यांच्यासाठी त्याहून कमी. थांबणं ३ सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. करायला फुकट, पण सवय मोडायला अवघड. प्रश्न आधी, मनात तीन आकडे, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग विचार करणं थांबवतो. हात वर करणाऱ्यांनाच विचारलं तर दरी रोज थोडी वाढते. त्यापेक्षा सगळ्यांच्या हातात पाटी द्या, उत्तर एकदम वर करू द्या. कोण अडलंय ते त्याच मिनिटाला दिसतं.

आरोह

आणखी एक सहज न दिसणारं कारण: वर्गातलं वय. एकाच इयत्तेत जवळपास वर्षभराचं अंतर असतं, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. बेडार्ड आणि ड्युही (२००६) यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली. वर्गातली सगळ्यात लहान मुलं चौथीत मागे होती, आणि आठवीतही ते अंतर पूर्ण भरलेलं नव्हतं. वर्गाची यादी जन्मतारखेने लावून बघा. उपचारात्मक वर्गात (मागे पडलेल्यांच्या जादा तासात) धाकट्यांचीच गर्दी असेल तर तुम्ही वयाला कच्चेपणा समजता आहात.

आणि गैरहजेरी. २०० दिवसांच्या वर्षात १० टक्के म्हणजे २० दिवस. महिन्याला दोनच दिवस, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हजेरीपटावर एकूण टक्केवारी बघू नका, अनुपस्थितीच्या तारखा पाठनियोजनाशेजारी ठेवा. भागाकाराची सुरुवात झाली ते तीन दिवस मूल नव्हतं, तर वर्षभराच्या अडचणीचं कारण तिथे सापडतं.

केशर_२२

व्यवस्थापन म्हणून आम्ही दोन गोष्टींवर विचार करतो आहोत: वर्गातली संख्या कमी करणं आणि 'अ', 'ब', 'क' तुकड्या गुणांनुसार लावणं. यातलं काय करावं?

सुनीती_ब

संख्येबद्दल सगळ्यात भक्कम पुरावा टेनेसीतल्या स्टार प्रयोगाचा, १९८५ ते १९८९. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्गांत वाटून दिले होते: १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग आणि २२ ते २५ चे नेहमीचे. लहान वर्गांना फायदा झाला, आणि कृष्णवर्णीय मुलांना जास्त. पण ते बालवाडी ते तिसरीपर्यंतचं होतं. ५० चे ४२ केल्याने तसंच होईल असं यातून निघत नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये घाईने सगळीकडे वर्ग लहान केले तेव्हा शिक्षक कमी पडले आणि अप्रशिक्षित भरावे लागले. पैसा मर्यादित असेल तर पहिली-दुसरीत लावा.

गुणांनुसार कायमच्या तुकड्या नकोत. मुलांना लवकर वेगळं करणाऱ्या देशांत विषमता वाढलेली दिसते. 'क' तुकडीला सोपा पाठ्यक्रम, कमी अनुभवी शिक्षक आणि वर यायला रस्ता नाही, असं होत जातं. मात्र पातळीनुसार तात्पुरते गट ही वेगळी गोष्ट आहे. दिवसात एकच तास, सगळ्या वर्गांचा एकाच वेळी. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवायची आणि मुलं अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पातळीने बसवायची. गणितासाठी वेगळी वाटणी, कारण वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढे असू शकतं. दर चार-सहा आठवड्यांनी तपासून गट बदलायचे. उरलेला दिवस आपल्याच वर्गात.

हे फसतं ते ठरलेल्या जागी. तळाचा गट नवख्या शिक्षकाकडे जातो. तो सगळ्यात कसलेल्याकडे हवा. फेरवाटणी परीक्षेच्या धावपळीत राहून जाते. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. आणि दोन महिन्यांनी तो तास 'पाठ्यक्रम राहिला' म्हणून इयत्तेच्या धड्याला दिला जातो. हे तिसरं रोखायची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, शिक्षकाची नाही.

केशर_२२

खूप उपयोगी. शेवटचं एक. दरी कमी झाली हे कसं मोजायचं? सरासरी वाढली की पुरे?

आरोह

सरासरी अजिबात नको. वरची मुलं वाढली तरी सरासरी वाढते. मुलं गुणांच्या क्रमाने लावा, वरची एक चतुर्थांश आणि खालची एक चतुर्थांश यांचे मध्य काढा, आणि दोन्ही वेगवेगळे लिहा, नुसता फरक नाही. वरचा गट घसरल्यानेही फरक कमी होतो.

दोन सापळे आहेत. पेपर सोपा असेल तर वरची मुलं पैकीच्या पैकी गुणांना अडकतात आणि दरी मिटल्याचा भास होतो. म्हणून दोन इयत्ता खालपासून एक इयत्ता वरपर्यंतचे प्रश्न हवेत. दुसरा सापळा, एकाच चाचणीवरून तळातली दहा मुलं निवडली तर पुढच्या चाचणीत ती काहीही न करता थोडी वर येतात, कारण त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. निवड एका चाचणीवर करा, सुरुवातीचे गुण आठवड्याने घेतलेल्या दुसऱ्या चाचणीचे धरा, आणि प्रगती तिथून मोजा. दोन्ही चाचण्यांत प्रत्येक कौशल्याचे किमान चार प्रश्न ठेवा. एका प्रश्नावरून चुकीची रीत आणि चुकून झालेली चूक वेगळी करता येत नाही.